सोन्याच्या वासराला वैरण लागत नाही

गेल्या वर्षी एका धर्मग्रामात श्रद्धावंतांचा मेळावा भरला होता. विषय होता ‘श्रद्धा आणि अंधश्रद्धा’. व्यासपीठावरील वक्ते सुशिक्षित होते, तळमळीचेही होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी सातारा-सांगली भागातील आपल्या काही ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांचे उदाहरण दिले. ही कुटुंबे रविवारी मिस्साबलिदानाला येतात, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवतात आणि तरीही बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. वक्त्यांचा आवाज चढला. ‘‘धर्मगुरूंनी हा प्रकार तात्काळ थांबवला पाहिजे!’’ सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझे हात मात्र मांडीवरच राहिले. चहाच्या वेळी मी माझे मत बोलून दाखवले, तेव्हा समाजातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात सल्ला दिला, ‘‘फादर, गाईबैलांचा विषय आपण काढूच नये. दिवस बरे नाहीत. आपण भले, आपले देऊळ भले.’’

एकाने सांगितले, ही रीत बंद करा. दुसऱ्याने सांगितले, या विषयावर तोंड बंद करा. पहिल्याच्या मागे टाळ्या होत्या, दुसऱ्याच्या मागे भीती होती. माझ्या मते दोघेही चुकत आहेत आणि चुकीचे मूळ एकच आहे. दोघांनीही गोठ्यात पाऊल टाकलेले नाही.

गोठ्यात जायचे तर औंधच्या परिसरात जावे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले हे गाव एके काळी संस्थानची राजधानी होते. डोंगरावर यमाईचे मूळपीठ, पायथ्याशी गाव आणि १९३८ साली उघडलेले श्री भवानी संग्रहालय. पर्यटक येतात, चित्रे पाहतात आणि परततात. पण औंध संस्थान म्हणजे हे एकच गाव नव्हे. ते तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते आणि आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी त्याचाच एक भाग होते. या आटपाडी-माणदेशाच्या खडकाळ, कमी पावसाच्या माळावर खिलार ही जात घडली. पांढरीशुभ्र कातडी, मागे वळून उंच गेलेली धनुष्याकार शिंगे, चपळ पाय आणि थोड्या वैरणीवर तग धरण्याची ताकद ही तिची लक्षणे. या जातीच्या एका उपप्रकाराला आजही ‘आटपाडी महाल’ असेच म्हणतात. संस्थान विलीन झाले, पण त्याच्या महसुली विभागाचे नाव एका जनावराने जपून ठेवले.

काही वर्षांपूर्वी बेंदराच्या आदल्या दिवशी त्या भागातील एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मी उभा होतो. सत्तरी ओलांडलेला तो गृहस्थ बैलाच्या खांद्यावरून तळवा फिरवत होता. एका जागी त्याची बोटे थांबली. जू घासून तिथे गाठ धरू लागली होती. त्याने तिथे पुन्हा हळद लावली आणि मुलाला बजावले की, पंधरा दिवस याच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. मी म्हटले, ‘‘एरवी हे लक्षात आले नसते का?’’ तो हसला. ‘‘आवं फादर, राबतंय त्ये समद्यांस्नी दिसतंय. दुखतंय त्ये बघावं लागतंय.’’

वाचकहो, खांदेमळणीचा अर्थ यापेक्षा नेमक्या शब्दांत मला कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही. पेरणीची घाई सरते आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर येतो. सीमेलगतच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो, तर राज्याच्या इतर भागांत श्रावणी अमावास्येला पोळा. तिथी वेगळ्या असल्या तरी आशय एकच आहे. ज्या खांद्याने पेरणी ओढली, तो खांदा वर्षातून एकदा तरी मालकाने आपल्या हाताने चाचपून पाहावा. दुसऱ्या दिवशी बैलाला जू नाही, चाबूक नाही. त्याला आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात, पुरणपोळी चारतात आणि संध्याकाळी वाजतगाजत वेशीत नेऊन कर तोडतात. ज्याच्याकडे बैल नाहीत तो मातीचे बैल करतो. कारण भाकरीच्या ऋणातून बिनबैलाचा माणूसही सुटलेला नाही.

आता पवित्र शास्त्र उघडून पाहू. शब्बाथाचा विसावा केवळ माणसासाठी आहे काय? निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात बैल आणि गाढव यांनाही तो विसावा स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, अशी अनुवादाची आज्ञा आहे. शब्बाथदिवशी कोणाला बरे करावे की करू नये, असा वाद परूश्यांनी उकरून काढला, तेव्हा प्रभू येशूने त्यांना काय विचारले? तुम्ही शब्बाथदिवशी आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही काय? विहिरीत पडलेला बैल वर काढत नाही काय? प्रभूने गोठ्यातली नित्याची रीत हातात घेतली आणि तिच्याच मापाने धर्मपंडितांना मोजले. आम्ही मात्र धर्मपंडितांचे माप घेऊन गोठा मोजायला निघालो आहोत.

‘‘पण ही रीत हिंदूंची आहे,’’ असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, ही रीत बैल पाळणाऱ्यांची आहे. कोणाला पटत नसेल तर त्याने आपली दृष्टी आयर्लंडकडे वळवावी. भारतातील कित्येक कॉन्व्हेंट शाळा ज्या देशाच्या धर्मभगिनींनी उभ्या केल्या, त्या देशाच्या कॅथलिक निष्ठेविषयी शंका घेण्याचे धाडस आमचे वक्तेही करणार नाहीत. तेथील खेडुतांच्या गोठ्यात काय चालत असे? संत ब्रिजिद ही गाईगुरांची आणि दूधदुभत्याची कैवारी. १ फेब्रुवारीला तिचा सण येतो, आणि २०२३ पासून त्यानिमित्त तेथे सार्वजनिक सुटीही असते. सणाच्या आदल्या रात्री लव्हाळ्याचा क्रूस विणून घरात आणि गोठ्यात टांगत. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पिवळी फुले पसरत, गाईंचे रक्षण व्हावे म्हणून विशिष्ट झाडाची डहाळी बांधत. त्या दिवशी घरातला विस्तव किंवा दूध बाहेर देत नसत, कारण त्याबरोबर घराची बरकत जाईल अशी समजूत होती. लोणी घुसळत असताना कोणी आले, तर ‘देवाचा आशीर्वाद असो’ असे म्हणून त्याने रवीला हात लावावा अशी रीत होती. नाताळच्या मध्यरात्री गाईगुरे गोठ्यात गुडघे टेकतात, असे आजी नातवंडांना सांगे. यातले किती ख्रिस्ती आणि किती ख्रिस्तपूर्व, याचा हिशेब पंडितांनी करावा. संत पॅट्रिकच्या लेकरांनी तो केला नाही. त्यांनी गाय पाळली आणि विश्वासही पाळला.

खुद्द ख्रिस्तसभेची भूमिका काय आहे? रोमन विधिग्रंथात गोठ्यासाठी आणि आजारी जनावरांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना आहेत. १७ जानेवारीला, मठवासी संत अंतोनच्या सणाला, रोममध्ये जनावरे आशीर्वादासाठी आणली जातात. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळाने आशियात जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना स्पष्ट बजावले होते की, जे धर्माच्या आणि नीतीच्या उघड विरुद्ध नाही, ते सोडायला लोकांना भाग पाडू नये. आपला युरोप त्यांच्या दारात नेऊन ठेवू नये. या बोधाकडे पाठ फिरवली की काय होते, तेही आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने लग्नातल्या आणि घरातल्या कित्येक साध्या चालीरीतींवर हुकूमनामा काढून बंदी घातली. त्या बंदीमुळे गोमंतकीयांचा विश्वास बळकट झाला असे कोणी इतिहासकार म्हणत नाही. आज अडीचशेहून अधिक वर्षांनी एखाद्या सभागृहात त्याच हुकूमनाम्याला टाळ्या पडतात, तेव्हा मला लाज वाटते.

मात्र माझे म्हणणे एवढ्यावरच संपवले, तर तो अप्रामाणिकपणा होईल. गोठ्यातल्या सगळ्याच रीती सोन्याच्या नाहीत.

बाजारात बैल घेताना दात पाहतात. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला ही वयाची खरीखुरी मोजणी आहे. पण त्यापाठोपाठ अंगावरचे भोवरे आणि ‘गोम’ पाहतात, आणि केसांचा एक भोवरा नको त्या जागी दिसला म्हणून धडधाकट खोंड मातीमोल होतो. हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे. दुखणे ओळखू आले नाही की लोखंड तापवून डागणे, हे क्रौर्य आहे, उपचार नव्हे. गाय अचानक आटली की ‘कुणीतरी करणी केली’ म्हणून शेजारच्या विधवेकडे संशयाने पाहणे, हे तर उघड पाप आहे. आयरिश खेड्यांतही हेच होते. मे महिन्याच्या पहाटे एखादी म्हातारी सशाचे रूप घेऊन शेजाऱ्याच्या गाई पिते, अशी कथा तिथे गावोगाव सांगत. कथेतला ससा पळून जातो, पण त्याचे नाव ज्या म्हातारीला चिकटते तिला पळायला जागा नसते.

याहूनही खोल एक जखम आहे आणि आपल्या काही धर्मग्रामांत ती घरातलीच आहे. बेंदराला ज्या बैलाला पुरणपोळी मिळाली, तो मेला की त्याला ओढून न्यायचे कोणी? गावगाड्याने ते काम महारांवर लादले होते. त्याच आटपाडीत १९२१ साली जन्मलेल्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’मध्ये या जिण्याची कहाणी सांगितली आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या लादलेल्या लाचारीतून बाहेर पडण्यासाठीच. महाराष्ट्रातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे आजे-पणजे याच वेशीबाहेरून आले. त्यांच्या नातवंडांपुढे मी बेंदराचे गोडवे गातो, तेव्हा त्यांनी मला विचारलेच पाहिजे, ‘‘फादर, आमच्या वाट्याला त्या सणातले काय आले होते?’’ या प्रश्नाला पळवाट नाही. जिवंत बैलाची पूजा आणि मेलेल्या बैलाचा विटाळ, आणि तो विटाळ माणसाच्या कपाळी! ही रीत मोडली ते योग्यच झाले, आणि जिथे तिचा अवशेष उरला असेल तिथे तोही मोडला पाहिजे.

मग ठेवायचे काय आणि टाकायचे काय? माझी कसोटी साधी आहे. जी रीत माणसाचा हात जनावराकडे नेते, ती ठेवावी. जी रीत माणसाचे बोट दुसऱ्या माणसाकडे वळवते, ती टाकावी.

या कसोटीवर एकेक रीत घासून पाहा. वसुबारस घ्या. आश्विन वद्य द्वादशीला घरची बाई दूध-तूप खात नाही, संध्याकाळी गाय-वासराला ओवाळते आणि बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाऊन उपवास सोडते. दुधावर पहिला हक्क वासराचा, ही आठवण त्या दिवसात आहे. चिकाचे घ्या. गाय व्याल्यावर पहिला चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे आणि मग उरलेल्याचा खरवस शेजारीपाजारी वाटायचा, असे जुनी माणसे सांगत. आज पशुवैद्यक सांगतात की, गाईच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच मिळतात. माणदेशात खिलार खोंडासाठी गाईचे दूध राखून ठेवतात, प्रसंगी दुसऱ्या गाईचेही पाजतात. म्हणूनच ते खोंड पुढे नांगराला उभे राहते. पान्हा फुटल्याशिवाय कासेला हात लावू नये, गाभण गाईला दावणीवरून ओढू नये, रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात एक फेरी मारावी, या साऱ्या रीती हात जनावराकडे नेतात. भोवरा, डागणी, करणी आणि विटाळ या दुसऱ्या पारड्यात जातात.

आणि आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे वळतो, ज्यांनी मला गप्प राहण्याचा सल्ला दिला. तुमची भीती मला समजते. गाईचे नाव घेऊन या देशात माणसांना मारले गेले आहे. २०१६ साली गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना अर्धनग्न करून भररस्त्यात फटके मारले, ते साऱ्या देशाने पाहिले. ज्यांच्यावर ते काम पिढ्यान्‌पिढ्या लादले, त्यांनाच ते काम केल्याबद्दल शिक्षा! माझी कसोटी इथे लावा. हे गाईचे प्रेम हात गाईकडे नेते, की बोट माणसाकडे वळवते? ‘आमचे दूध कुणीतरी चोरले’ असे म्हणत सशाच्या मागे धावणारा जुना संशयच नव्या झेंड्याखाली उभा आहे. म्हणूनच गप्प बसता येत नाही. आपण गप्प बसलो, तर गाय म्हणजे केवळ हा झेंडा, असे आपलीच मुले समजतील. मग काही भीतीने आणि काही तिरस्काराने गाईपासून दूर जातील.

शासनाने काय केले तेही पाहू. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने बैल आणि वळू यांनाही त्या बंदीत आणले आणि २०१५ साली राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो कायदा लागू झाला. ताटात काय असावे, या वादात मी शिरत नाही. मी गोठ्याविषयी बोलतो आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल हा सोबती होता, तशीच ती त्याची ठेवही होती. थकलेला बैल विकून त्यात भर घालून तो नवे खोंड आणी. या चक्राचा एक आरा मोडला. माझ्या त्या यजमानाच्या गोठ्यात कोपऱ्यात एक म्हातारा बैल बसून होता. ‘‘इकायचा कुणाला? आन् सोडायचा कुठं?’’ तो म्हणाला. त्याने तो सोडलेला नव्हता, पोसत होता. पण पुढचे खोंड घेण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. कायदा करणाऱ्यांनी त्या म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा विचार केला होता काय?

पुढे ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. त्याच वेळी दिलेल्या शासकीय आकडेवारीनुसार २०१९ च्या पशुगणनेत राज्यात देशी गाई ४६ लाख १३ हजार ६३२ होत्या, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा २०.६९ टक्के कमी. ही घट कशाने थांबणार? गोशाळांतील देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर झाले. उत्तम! पण गोशाळेत गाय येते कुठून? शेतकऱ्याच्या दावणीवरून सुटते तेव्हाच ना? आपल्या दावणीला दोन खिलार गाई सांभाळणाऱ्या, त्यांची वासरे वाढवणाऱ्या घराला या योजनेत स्थान नाही. गाय सुटल्यावर अनुदान आणि सांभाळत असता केवळ जयजयकार, हा कोणता न्याय? आयर्लंडमध्ये केरी नावाची काळी, काटक, लहानखुरी गाय नामशेष होऊ लागली, तेव्हा तेथील शासनाने तिला माता म्हटले नाही. ती पाळणाऱ्याला, तिचे वासरू नोंदले गेले की, आर्थिक साहाय्य देण्याची योजना केली.

निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायातली कथा आपण दर उपवासकाळात ऐकतो. मोशेला डोंगरावरून उतरायला उशीर झाला. लोक अधीर झाले आणि अंगावरचे सोने वितळवून त्यांनी वासरू केले. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण ही मूर्तिपूजेची कथा म्हणून शिकवतो. गोठ्यात उभा राहिलो, तेव्हा मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. सोन्याच्या वासराला वैरण लागत नाही. ते आजारी पडत नाही, रात्री-अपरात्री विणीला अडत नाही, दुष्काळात त्याला छावणीला न्यावे लागत नाही. त्याच्याभोवती नाचता तेवढे येते! २०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडीकडचे शेतकरी घरदार सोडून चारा छावण्यांत जनावरांच्या शेजारी महिनोन्‌महिने राहिले. गाईविषयी घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण त्या उन्हात त्यांच्या शेजारी बसले होते? गाईवर खरा हक्क कोणाचा, हे ठरवायचे असेल तर ते छावणीत ठरवावे, सभेत नव्हे.

आयरिश लोककथेत ग्लास गायवनन नावाची एक अद्‌भुत गाय आहे. जे भांडे खाली ठेवाल ते ती भरून देई. एका हावरट बाईने भांड्याऐवजी चाळणी धरली. दूध वाहून गेले, गाय खचली आणि कायमची निघून गेली. आपण आज चाळणीच धरून बसलो आहोत. मते, मिरवणूक, शर्यतीची बोली, सारे गाईखाली धरून झाले; तळाशी काहीच उरत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. शर्यतीच्या खोंडाला आता लाखांच्या बोली ऐकू येतात. चांगली गोष्ट आहे. पण ते खोंड जिच्या पोटी जन्मते, तिच्या वैरणीसाठी कोण बोली लावतो?

कोणी विचारील, ‘‘फादर, ट्रॅक्टर आला, जास्त दुधाच्या संकरित गाई आल्या. मग खिलारीसाठी एवढा आटापिटा कशाला?’’ मी ट्रॅक्टर विका असे सांगत नाही. संकरित गाईवर ज्यांच्या मुलांचे शिक्षण चालते, त्यांना मी नावे ठेवणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, गाय कोणत्याही जातीची असो, ती यंत्र नव्हे. खांदा चाचपण्याची, चीक आधी वासराला देण्याची, पान्ह्याची वाट पाहण्याची विद्या संकरित गाईलाही तेवढीच लागते. आणि ही विद्या ज्या माळावर टिकली, तो माळ रिकामा झाला तर ती पुस्तकातून परत आणता येणार नाही.

औंधचाच एक दाखला देऊन आटोपते घेतो. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गुन्हेगार ठरलेल्या माणसांना भिंतीवाचून, बेड्यांवाचून शेती करू दिली. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच ठरली. एका लहानशा संस्थानाने कैद्यावर विश्वास टाकला. आज आपण बाजाराला जनावर नेणाऱ्या शेतकऱ्यावर संशय घेतो.

त्याच काळात, १९३७ ते १९३९ दरम्यान, आयर्लंडमध्ये एक थोर काम झाले. तेथील लोकविद्या आयोगाच्या पुढाकाराने सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजार मुलांनी वह्या घेतल्या, आजी-आजोबांजवळ बसले आणि गाईगुरांच्या रीती, औषधे, गोष्टी, नावे सारे लिहून काढले. त्यातले काय विश्वासाला धरून आहे आणि काय नाही, हे मुलांनी ठरवले नाही. त्यांनी आधी ऐकले.

आपल्या धर्मग्रामांना मी तेच सुचवतो. येत्या सुटीत धर्मशिक्षणाच्या मुलांच्या हाती वह्या द्या. त्यांनी आपल्या आजोबांना विचारावे की, तुमच्या गाईंची नावे काय होती? दुष्काळात काय चारले? गाय विकताना आजी रडली होती का? ज्यांचे आजोबा वेशीबाहेर राहत, त्यांनीही विचारावे आणि तेही न गाळता लिहावे. दुसरे, बेंदराच्या आदल्या संध्याकाळी धर्मगुरूंनी गोठ्यात जावे. रीत थांबवायला नव्हे, आशीर्वादाची प्रार्थना म्हणायला. आणि तिसरे, ज्या योजना गाय सुटल्यावर जाग्या होतात, त्या दावणीपर्यंत पोहोचाव्यात म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी शेजारच्या सर्वधर्मीय शेतकऱ्यांसह अर्ज करावेत. हा प्रश्न एका समाजाचा नाही.

दर नाताळला आपण चर्चमध्ये गोठा करतो. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावी तो मांडला, तेव्हा त्यात जिवंत बैल आणि जिवंत गाढव होते. आपल्या गोठ्यात प्लॅस्टरची गाय असते. गेल्या नाताळला एका चिमुरडीने मला विचारले, ‘‘फादर, ही गाय रात्री काय खाते?’’ सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या मेळाव्यात इतक्या मोठ्यांपैकी एकालाही जे सुचले नव्हते, ते तिने विचारले होते.